‘नंतर कळवू’ म्हणजे कधी? कोकणातल्या प्राचार्यांना खुलं पत्र

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली महाविद्यालयं, तंत्रनिकेतनं आणि आयटीआय यांचे प्राचार्य, आणि तिथे प्लेसमेंटचं काम बघणारे सर-मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार. मुलाखतीची तयारी आणि मुलाखतीनंतरचा पाठपुरावा आपल्या मुलांना शिकवावा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात मी १९ वर्षं मनुष्यबळ विभागात होते. आता निवृत्त होऊन चिपळुणात राहते. नोकरीत असताना शेकडो मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या, त्यातले बरेचसे चेहरे विसरले. एका मुलाचे वडील मात्र विसरले नाही.

ऑक्टोबर महिना होता, भातकापणी चालू होती. गेटवरून फोन आला, “मॅडम, गुहागरकडचे एक गृहस्थ आलेत, भेटल्याशिवाय जात नाही म्हणतात.” एसटीने चिपळूण, तिथून दुसरी गाडी पकडून लोटे, असे ते आले होते. हातातल्या पिशवीत मुलाच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स. म्हणाले, “जूनमध्ये पोराची मुलाखत झाली. नंतर कळवू म्हणालात. अजून काय कळलं नाय. नाय तर नाय सांगा, म्हणजे तो मुंबयला जायला मोकळा.”

मी रजिस्टर काढलं. त्यांच्या मुलाचं नाव यादीत दुसरं होतं. पहिला मुलगा रुजू झाला आणि १७ दिवसांत सोडून गेला. मग आमच्याकडून या मुलाला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकाच दुपारी दोनदा फोन गेला. दोन्ही वेळा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. ऑगस्टमधला पाऊस, वाडीतली वीज गेलेली, टॉवर बंद. आमच्या माणसाने समोर ‘संपर्क नाही’ असं लिहिलं आणि तिसऱ्या मुलाला बोलावलं. जागा भरली. इकडे हा मुलगा चार महिने घरी बसून होता. ‘कळवू म्हणालेत’ म्हणून त्याने दुसरीकडे अर्जही केला नव्हता.

मी त्या गृहस्थांना चहा दिला. दुसरं काही देण्यासारखं माझ्या हातात उरलं नव्हतं.

पहिला दोष आमचा, हे स्पष्ट लिहिते. दोन फोन करून माणूस सोडून देणं ही भरतीची पद्धत नव्हे. पण त्या मुलाने चार महिन्यांत एकदा फोन केला असता, चार ओळींचा मेल टाकला असता, तर ती जागा त्याची होती. त्याने तो का केला नाही, हे मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “आपण कशाला मागं लागायचं? त्यांना वाटलं तर बोलावतील.”

हे वाक्य मी नंतर इतक्या घरांतून ऐकलं की ते एकट्या घराचं नाही, आपल्या मुलखाचं आहे असं मला वाटू लागलं. कोणापुढे हात पसरायचा नाही, हा आपला बाणा आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण वाडीतल्या नळपाणी योजनेसाठी आपण ग्रामपंचायतीत पाठपुरावा करतो, रस्त्यासाठी बांधकाम खात्यात खेपा घालतो, आणि तिथे त्याला कोणी लाचारी म्हणत नाही. मग मुलाखत दिलेल्या मुलाने ‘माझं काय ठरलं’ एवढं विचारलं तर ती लाचारी कशी? मुलगी असेल तर घरून आणखी एक अडसर असतो: “मुलीने कशाला फोन करायचा?” हा अडसर पालकसभेत तुम्हीच काढू शकता. घरात तुमचा शब्द चालतो.

तुमच्यापुढे हे मांडण्याचं कारण असं, की आपली मुलं अभ्यासात कमी नाहीत. कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पुढे आहे. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, बारावीचा ९७.५१. २०२५ मध्ये ९८.८२ आणि ९६.७४. परीक्षेत काय लिहायचं ते या मुलांना शाळेने शिकवलं. टेबलापलीकडच्या तीन अनोळखी माणसांशी काय बोलायचं, ते मात्र शिकवायचं राहून गेलं.

एकदा एकाच वर्गातली ११ मुलं एका दिवशी आमच्याकडे आली होती. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की अकराही जणांकडून तोच इंग्रजी परिच्छेद: मी कष्टाळू आहे, वक्तशीर आहे, संघात काम करायला मला आवडतं. शब्दन् शब्द तोच. कोणीतरी तो त्यांना लिहून दिला होता, आणि चांगल्या हेतूनेच दिला होता. पण पाचव्या मुलापाशी आमच्या उत्पादन प्रमुखांनी फाईल मिटली. त्या अकरांत खरोखर चांगली मुलं होती, हे मला नंतर कागदांवरून कळलं. त्यांचा खरा आवाज त्या परिच्छेदाखाली दबून गेला होता.

याच्या उलट एक मुलगी आठवते. रसायनशास्त्रात बीएस्सी, देवगडकडची. अर्जात अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’. सहज विचारलं, “मे महिन्यात काय करता?” तर घरची हापूसची कलमं. फळांची वजनाप्रमाणे प्रतवारी ही करते, पेट्यांवर खुणा ही घालते, वाशीला कोणत्या दलालाकडे किती पेट्या गेल्या ते वहीत ही लिहिते, आणि दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आली की हमाली, तोलाई, दलाली वजा जाता रक्कम जुळते का तेही हीच बघते. एका वर्षी पट्टीत सहा पेट्या कमी लागल्या होत्या. तिने गाडीच्या पावतीवरून त्या शोधून काढल्या आणि पैसे मिळवले. मी म्हटलं, “हे आधी का नाही सांगितलंत?” तर म्हणाली, “ते घरचं काम आहे मॅडम.”

सर, मॅडम, नमुना घेणं, प्रत ठरवणं, नोंद ठेवणं, नोंद आणि माल यांचा ताळमेळ घालणं हेच तर गुणवत्ता विभागाचं काम आहे! तिला ते येत होतं. त्याला काय म्हणतात, एवढंच माहीत नव्हतं. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या मुलाचंही तसंच. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. त्या दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असतात, आणि आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकणारा मुलगा वडिलांबरोबर बोटीचं इंजिन उघडून बसलेला असतो. मुलाखतीत तोच मुलगा सांगतो, “प्रॅक्टिकल फक्त आयटीआयमधलं.” शिमग्याच्या पालखीचा, गणपती मंडळाचा हिशेब तीन-तीन वर्षं सांभाळलेली मुलं ‘लेखा सहायक’ या जागेला येतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

म्हणून माझी पहिली विनंती: पाठ करायचा परिच्छेद बंद करा. त्याऐवजी प्रत्येक मुलाकडून आपल्या हाताने केलेल्या तीन कामांची गोष्ट काढून घ्या. काय करायचं होतं, काय अडलं, तू काय केलंस, शेवटी काय झालं. आधी मराठीत, मग लागेल त्या भाषेत. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना बहुधा ठाऊक नसे की ‘मी हे मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं विचारता येतं. निम्म्याहून अधिक वेळा समोरचा माणूस ‘चालेल’ म्हणतो.

पुढची तयारी जाहिरातीची. जाहिरात छापून घ्यावी आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून त्या शब्दाशी आपला काय संबंध आला ते लिहावं. ‘शिफ्ट ड्युटी’ असेल तर रात्रपाळीची एसटी आहे का, कंपनीची बस कुठून सुटते, हे घरून निघण्याआधी माहीत हवं. ‘पीएच मीटर’ (आम्लता मोजायचं यंत्र) असेल तर तो रोज कोणत्या बफरने, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने, जुळवतात ते सांगता आलं पाहिजे. ४, ७ आणि ९.२ हे आकडे मुलांना येतात, पण ‘मी स्वतः जुळवला आहे’ हे वाक्य फार थोड्यांकडून आलं. प्रयोगशाळेत एक जण करतो आणि चौघं वहीत उतरवतात, ही अडचण मला माहीत आहे. तरीही प्रत्येकाच्या हाताला एकदा तरी ते काम लागू द्या. दहा मिनिटांच्या मुलाखतीत हात लावलेला आणि न लावलेला यांतला फरक लपत नाही. आणि ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर ‘नो सर’ म्हणून उठू नये. माझ्या कामाच्या जागी कोणती रसायनं असतील, पहिल्या महिन्यात सुरक्षिततेचं काय शिकवाल, असं विचारणारा उमेदवार आमच्या लक्षात राहायचा. लोट्यात काय किंवा महाडच्या रसायन कारखान्यांत काय, हा प्रश्न कोणीही विचारायलाच हवा.

कपडे, वेळेवर पोचणं वगैरे तुम्ही सांगताच, त्यात मी भर घालत नाही. फक्त प्रवासाचं सांगते, कारण तो आपल्या मुलांच्या वाट्याला जास्त येतो. तुतारीने किंवा कोकणकन्येने रात्रभर बसून यायचं, पहाटे दादरला किंवा सीएसएमटीला उतरायचं आणि स्टेशनवर तोंड धुऊन ११ वाजता मुलाखतीला उभं राहायचं. कंपनी नवी मुंबईत असताना दादरपर्यंत जाऊन परत पनवेलकडे येणारी मुलं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. परशुराम घाटात दरड आली की रस्त्याचाही भरवसा नाही. जून ते ऑक्टोबरमधली मुलाखत असेल तर आदल्या दिवशी पोचावं, आणि रात्रीपुरतं कोणा माजी विद्यार्थ्याकडे राहता येईल का, हे महाविद्यालयाने बघावं. मुंबईत आपला चाकरमानी नाही असा तालुका नाही.

कागदांबद्दलही थोडं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर कितीतरी घरांत गुणपत्रिका दोरीवर वाळत घातलेल्या मी पाहिल्या. काहींची अक्षरंच धुऊन गेली होती. तेव्हापासून मी भेटेल त्या मुलाला सांगते, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घे, बाकीचे कागद स्कॅन करून मेलवर ठेव. मूळ प्रमाणपत्रं मुलाखतीला दाखवायची आणि परत आणायची. कंपनीने ती ठेवून घ्यायची नाहीत आणि मुलांनी ठेवून द्यायचीही नाहीत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले त्याकडे येते. मुलाखत संपते तिथे उमेदवाराचं काम संपत नाही, हे मुलांना कोणी सांगतच नाही.

खोलीतून उठण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: “निर्णय साधारण कधीपर्यंत कळेल, आणि नाही कळला तर मी कोणाशी बोलू?” एवढा एक प्रश्न त्या गुहागरच्या मुलाने विचारला असता तर त्याचे चार महिने वाचले असते. तारीख मिळाली की वाट बघण्याला शेवट असतो. नुसतं ‘नंतर’ मिळालं की शेवटच नसतो, आणि मूल घरात बसून राहतं.

त्याच रात्री, गाडीत बसल्या बसल्या, वहीत लिहायचं. कोण कोण होते, काय विचारलं, कुठे अडखळलो. दुसऱ्या दिवशी छोटा मेल. आमच्याकडे आलेला एक मेल मी अनेक वर्षं वर्गांत वाचून दाखवते. तो साधारण असा होता (त्यातलं एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं प्रयोगशाळेतलं यंत्र):

“आदरणीय मॅडम, काल केमिस्टच्या जागेसाठी माझी मुलाखत घेतलीत, त्याबद्दल आभारी आहे. एचपीएलसीच्या रिव्हर्स फेज कॉलममधून आधी काय बाहेर येतं, असं सरांनी विचारलं होतं. मी उलट उत्तर दिलं. घरी येऊन वाचलं, जास्त ध्रुवीय घटक आधी बाहेर येतो. या जागेवर काम करण्याची माझी इच्छा आहे. महिनाअखेरीस निर्णय कळेल असं आपण सांगितलंत, तोपर्यंत वाट पाहते. गावात माझा फोन लागला नाही तर खाली भावाचा नंबर दिला आहे.”

यात आर्जव नाही, फुशारकी नाही. चुकलेलं उत्तर तिने स्वतःहून दुरुस्त केलं. आमच्या प्रयोगशाळा प्रमुखांनी तो मेल वाचून तिची फाईल पुन्हा वर काढली. आणि शेवटचं वाक्य बघा. भावाचा नंबर! आपल्या मुलखात निम्म्या वाड्यांत रेंज पडवीत येते आणि माजघरात जाते. तिथे दुसरा नंबर देणं म्हणजे अर्धा पाठपुरावा तिथेच झाला.

सांगितलेली तारीख उलटली की दोन-तीन कामाचे दिवस थांबावं आणि एक मेल करावा. मुलाखतीची तारीख, जागेचं नाव, आणि ‘निर्णय झाला आहे का?’ एवढंच. आठवडाभर उत्तर नाही आलं तर ऑफिसच्या वेळेत एक फोन. त्यानंतर थांबायचं. रोज फोन करणारे, मुलाखत घेणाऱ्याच्या खासगी व्हॉट्सॲपवर सकाळी ‘शुभ सकाळ’ची चित्रं पाठवणारेही मी पाहिले, त्यांचं नुकसानच झालं. आणि या सगळ्या काळात दुसरीकडे अर्ज करणं एक दिवसही थांबवायचं नाही. हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. निवडपत्र हातात येईपर्यंत नोकरी लागलेली नसते. तोंडी ‘तुमचं झालंच समजा’ ऐकून रत्नागिरीतली हातची नोकरी सोडलेला एक मुलगा पुढे आठ महिने रिकामा होता.

नकार आला तर? आभार मानून एकच विचारावं, “माझ्यात काय कमी पडलं ते सांगाल का?” दहातले सात जण उत्तर देणार नाहीत. तीन देतील, आणि ते तीन सोन्यासारखे. होकार आला तर पत्र नीट वाचावं. पगार हातात किती येणार, बाँड आहे का, नोटीस किती दिवसांची. आणि रुजू होण्यासाठी कोणी ‘अनामत’ म्हणून पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरावं. नोकरी देणारा पैसे घेत नाही. गणवेशाचे, प्रशिक्षणाचे, ‘प्रोसेसिंग’चे अशी नावं बदलून हे पैसे मागतात, आणि वडिलांनी काजूच्या बियांचे आलेले पैसे त्यात घातलेली घरं मला माहीत आहेत.

एवढं मुलांचं झालं. पण सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही, म्हणून दुसरी विनंती थेट तुमच्याकडे. कंपन्या तुमच्या आवारात भरतीला येतात तेव्हा तुम्ही त्यांना सभागृह देता, जेवण देता, गुलाबाचं फूल देता. त्याबरोबर एक कागदही पुढे करा. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला, होकार असो वा नकार, अमुक तारखेपर्यंत कळवू. कळवणाऱ्याचं नाव आणि नंबर हा. खाली सही. कोणतीही चांगली कंपनी यावर सही करील. जी करणार नाही, ती मुलांशी पुढे कशी वागेल याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.

हे अवघड नाही, हे मी करून पाहिलं आहे. ते गृहस्थ येऊन गेले त्यानंतर मी वरिष्ठांकडे धरून बसले आणि आम्ही प्रत्येक उमेदवाराला उत्तर पाठवायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला ६० जणांना नकार कळवायचा होता. एक दुपार लागली, बस. त्यातल्या एका मुलाने ‘कळवल्याबद्दल धन्यवाद, पुढच्या वेळी बोलवा’ असं उत्तर पाठवलं. पुढच्या वर्षी जागा निघाली तेव्हा आम्ही पहिला फोन त्यालाच केला.

तिसरी गोष्ट लहान आहे. प्रत्येक अर्जावर पर्यायी नंबर म्हणून महाविद्यालयाच्या कार्यालयाचा फोन लिहायला मुलांना परवानगी द्या. कार्यालयात एक वही ठेवा. कंपनीचा फोन आला की नाव लिहायचं आणि त्या मुलापर्यंत निरोप पोचवायचा. एसटीच्या कंडक्टरकडे दिलेला डबा आपल्याकडे वाडीत बरोबर पोचतो. निरोपही पोचेल.

आणि गणपतीत चाकरमानी घरी येतात, तेव्हा त्यांना दोन तास मागून घ्या. पाच-सात वर्षं नोकरी केलेली तुमचीच मुलं असतात ती. कोणी तळोज्याला, कोणी पुण्याला, सावंतवाडी-बांद्याकडची कितीतरी गोव्याच्या औषध कंपन्यांत. मुलाखतीत काय विचारलं, किती ठिकाणी नकार आला, कुठे फोन केल्यावर काम झालं, हे त्यांच्या तोंडून ऐकलं की मुलांची भीड जितकी चेपते तितकी माझ्यासारख्या बाहेरच्या बाईच्या व्याख्यानाने चेपत नाही.

तरीही मी येईन. गणपतीनंतरचे शनिवार मोकळे ठेवले आहेत. दापोलीपासून कुडाळपर्यंत एसटीने किंवा रेल्वेने जमेल तिथे येते. मानधन नको, सभागृहही नको. एक खोली, चार खुर्च्या, आणि प्रत्येक मुलाच्या हातात त्याला जिथे खरोखर अर्ज करायचा आहे ती जाहिरात असू द्या. व्याख्यान देणार नाही, मुलाखतीच घेईन. प्रत्येकाला किमान २० मिनिटं. एका दिवसात १२ मुलं होतील, त्याहून जास्त नकोत. आणि त्या बाराही जणांना त्यांचं काय चांगलं झालं, काय चुकलं, हे पुढच्या बुधवारपर्यंत लेखी कळवेन.

आपली नम्र,
लोट्याच्या कारखान्यातली एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी, चिपळूण